लक्ष ठेवायचं, पण कोणी?

डोळ्यातला दाब वाढलेला आहे, पण काचबिंदू अजून झालेला नाही, अशा माणसाचं काय करायचं? यावर हल्ली एक मत बरंच ऐकू येतं. ते अडाण्यांचं मत नाही. वाचणारी, औषधांच्या अतिरेकाला विटलेली, मुंबई-पुण्यात चांगल्या डॉक्टरांकडे जाऊन आलेली माणसं ते मांडतात, आणि मालवणात, आचऱ्याला, देवबागला आपल्या घरी आली की आईवडिलांनाही तेच सांगून जातात. "आये, तुका काय एक झाला नाय, उगाच थेंब घालू नको." मत असं, की दाब हा नुसता आकडा आहे. तो वाढलेल्या दहांतल्या नऊ जणांना पाच वर्षांत काहीही होत नाही. मग ज्याला सगळं स्वच्छ दिसतंय त्याच्या डोळ्यात जन्मभर औषध कशाला? थांबावं, लक्ष ठेवावं, डोळ्यामागची नस खराब होताना दिसली तर बघावं.

या मताचा मला प्रतिवाद करायचा आहे. ते मूर्खपणाचं असतं तर एवढं लिहायची गरज नव्हती. त्यातलं गणित बरोबर आहे. पण ज्या माणसांवर ते मांडलं गेलं ती माणसं आणि मालवण किनाऱ्यावरची माणसं यांच्यात जो फरक आहे, तो हे मत मांडणारे विचारातच घेत नाहीत. त्यापायी गेलेली नजर कुठल्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही.

आधी गणित. अमेरिकेत २२ केंद्रांवर १६३६ लोकांचा अभ्यास झाला. वय ४० ते ८०, निदान एका डोळ्यातला दाब २४ ते ३२ मिलिमीटर पारा, पण नस आणि दृष्टिक्षेत्र निर्दोष. सेंट लुईसचे डॉ. मायकेल कास त्याचे प्रमुख होते. सोडत काढून अर्ध्यांना दाब उतरवणारे थेंब दिले, अर्ध्यांना काहीच दिलं नाही. २००२ साली निष्कर्ष आले. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू सुरू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. धोका निम्म्याहून कमी झाला. आणि हेही तितकंच खरं, की एकाला वाचवण्यासाठी सुमारे वीस जणांनी पाच वर्षं थेंब घातले. थांबा म्हणणारे हा दुसरा आकडा पुढे करतात, आणि तो करण्याचा त्यांना हक्क आहे.

पण पाच वर्षांवर हिशेब का थांबवायचा? पंचावन्नाव्या वर्षी जिचा दाब वाढलेला सापडला, ती बाई साठाव्या वर्षी डोळे मिटून बसत नाही. तिला आणखी वीस-पंचवीस वर्षं त्याच डोळ्यांनी मासे निवडायचे असतात, नातवंडं सांभाळायची असतात, पावसात घसरड्या पाणंदीतून चालायचं असतं. त्याच लोकांचा वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. शंभरातल्या सुमारे ४६ जणांना एका तरी डोळ्यात काचबिंदू झाला होता आणि शंभरातल्या सुमारे २५ जणांचं दृष्टिक्षेत्र प्रत्यक्ष कमी झालं होतं. आणि हे कधी, तर पहिली सात-साडेसात वर्षं संपल्यावर ज्यांना आधी काही दिलं नव्हतं त्यांनाही औषध दिलं गेलं होतं. दहांतल्या नऊ जणांना काही होत नाही हे वाक्य वीस वर्षांच्या हिशेबात टिकत नाही.

आता त्या अभ्यासातले "थेंब न घेणारे" कोण होते ते पाहू, कारण माझा खरा मुद्दा तिथेच आहे. त्यांना दर सहा महिन्यांनी बोलावलं जात होतं. दर वेळी दाब मोजला जाई, दर वेळी दृष्टिक्षेत्राची तपासणी होई. ती म्हणजे अर्धगोल पडद्यासमोर हनुवटी टेकवून, मध्यावर नजर रोखून, कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं, ज्याला सगळे फील्ड टेस्ट म्हणतात. दर वर्षी नसेचे फोटो काढले जात आणि ते वेगळ्या केंद्रात, रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नसलेली तज्ज्ञ माणसं तपासत. काही बदल दिसला की पुन्हा तपासून खात्री केली जाई. लक्ष ठेवणं म्हणजे हे सगळं. त्या माणसांना औषध नव्हतं, पण एवढी मोठी यंत्रणा त्यांच्या पाठीशी उभी होती.

मालवणात "लक्ष ठेवा" म्हटल्यावर काय होतं? दाब इथे मोजून मिळतो. पण फील्ड टेस्ट, कॉर्नियाची जाडी, नसेचा स्कॅन यांसाठी बऱ्याचदा कुडाळ, कणकवली, ओरोस, सावंतवाडी, नाहीतर थेट कोल्हापूर किंवा गोव्यातलं बांबोळी गाठावं लागतं. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क पडू लागलं, तेव्हा आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात किती अस्वस्थता पसरली ते आठवून पाहा. त्यावरून कळतं की आपण आपल्या मोठ्या दुखण्यांसाठी कुणावर किती अवलंबून आहोत. मग "सहा महिन्यांनी या" असं लिहिलेला कागद घेऊन माणूस घरी येतो. सहा महिन्यांनी होडी समुद्रात असते. मासेमारीबंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला संपते; त्या दोन महिन्यांत धो धो पाऊस, शेती, शाकारणी आणि हातात पैसा नसलेले दिवस. बागायतदाराचा मार्च ते मे आंब्यात जातो. मासे विकणाऱ्या बाईला एक दिवस सुट्टी म्हणजे एक दिवसाची कमाई बुडाली. आणि ज्याला दिसण्यात काडीचा त्रास नाही, तो यातलं काही सोडून एसटीने दोन तालुके ओलांडून फील्ड टेस्टला जाईल, ही अपेक्षा ठेवणाऱ्याने एकदा त्या जागी स्वतःला उभं करून बघावं.

जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ८.६९ लाख होती, २०११ मध्ये ८.५० लाख. कमावती मुलं मुंबईला गेली, घरात राहिली ती वयस्क माणसं. म्हणजे ज्या वयात दाब वाढण्याची आणि नस बिघडण्याची शक्यता जास्त, त्या वयाची माणसं इथे एकटी आहेत आणि त्यांना तपासणीला नेणारा मुलगा बोरिवलीला किंवा डोंबिवलीला आहे. तोच मुलगा फोनवरून सांगतो, थांब, लक्ष ठेव. मला त्याचा राग येत नाही, त्याचा आईवर जीव आहे. पण त्याच्या सल्ल्यात लक्ष ठेवणारा कुणीच नाही. ज्या ठिकाणी पाहणारं कुणी नाही, तिथे "थांबून पाहू" हा पर्यायच शिल्लक राहत नाही. उरतो तो फक्त उपचार न करणं.

दुसरा फरक शरीराचा आहे, आणि तो या वादात क्वचितच कुणी मांडतो. डोळ्याच्या पुढच्या भागात पाणी सतत तयार होतं आणि कडेच्या बारीक जाळीतून निघून जातं. न्हाणीची मोरी अर्धी बुजली की पाणी चढावं तसा तिथला दाब चढतो. तो मोजण्याचं यंत्र कॉर्नियावर, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर टेकतं आणि तो पडदा किती जोराने चपटा होतो ते पाहतं. पडदा पातळ असेल तर कमी जोराने चपटा होतो आणि यंत्र खरा दाब असतो त्याहून कमी आकडा दाखवतं. त्याच अमेरिकी अभ्यासात असंही निघालं, की ज्यांच्या कॉर्नियाची जाडी ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी होती, त्यांना काचबिंदू होण्याचा धोका ५८८ च्या वरच्या लोकांच्या तिप्पट होता. त्या १६३६ लोकांची सरासरी जाडी सुमारे ५७३ होती.

आपली किती? याचं उत्तर महाराष्ट्रातूनच मिळतं. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने जर्मन नेत्रतज्ज्ञांच्या साथीने नागपूर भागातल्या आठ खेड्यांत ३० वर्षांवरच्या ४७११ लोकांची पाहणी केली. तिथे सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन निघाली. चेन्नईच्या अभ्यासातही ती याच आसपास होती. म्हणजे आपल्याकडचा सरासरी माणूस अमेरिकी अभ्यासातल्या सर्वांत पातळ, सर्वांत धोक्याच्या गटात बसतो. किनाऱ्यावरच्या माणसांचे डोळे याहून फार निराळे असतील असं मानायला मला काही आधार दिसत नाही. अमेरिकेतल्या जाड कॉर्नियाच्या माणसाला दिलेला दिलासा उचलून आपल्या आईला देणाऱ्याने आधी तिच्या कॉर्नियाची जाडी मोजून घ्यावी. तिचा २५ हा आकडा कदाचित २८ असेल.

२१ च्या वरचा दाब वाढलेला मानतात; त्या आकड्याबद्दलही एवढंच म्हणतो. १९५८ साली जर्मनीत लायडेकर यांनी हजारो निरोगी लोकांचे डोळे मोजले, त्यातून संख्याशास्त्राच्या रीतीने ही मर्यादा निघाली. २१ च्या खालीही नस खराब होते. जपानमधल्या ताजिमी इथल्या पाहणीत काचबिंदूच्या दहांतल्या नऊ रुग्णांचा दाब २१ किंवा त्याहून कमीच होता. "दाबाला काही अर्थच नाही" असं म्हणणारे हाच दाखला देतात. त्यावरून निष्कर्ष मात्र उलटा निघतो. सगळ्या धोक्यांपैकी औषधाने किंवा लेसरने खाली आणता येतो असा आज एकच आहे, तो दाब. वय, घराण्याचा वारसा, कॉर्निया यांतलं काहीही डॉक्टरच्या हातात नाही.

थांबा म्हणणाऱ्यांचं आणखी एक म्हणणं असतं, की नस बिघडायला लागली की मग उपचार करू, तोवर काय घाई? "माका सगळा बरा दिसता, मगे ह्या औषद कित्याक घालूचा?" हा प्रश्न मालवणी माणूस विचारतो तेव्हा त्यात लबाडी नसते. त्याला खरंच बरं दिसत असतं. काचबिंदू समोरचं अक्षर आधी नेत नाही, कडेचं नेतो, आणि कडेला जे गेलं ते मेंदू आपल्या अंदाजाने भरून काढतो. त्यामुळे काळा डाग दिसत नाही, अंधार दिसत नाही. होडीवरून उतरताना पाय चुकतो, मोटरसायकल अरुंद रस्त्यावर समोरून आलेल्या रिक्षाला घासते, आणि घरचे म्हणतात वय झालं. शिवाय फील्ड टेस्टवर दोषाचा पहिला ठिपका उमटतो तेव्हा नसेतले पाव ते एक तृतीयांश तंतू आधीच मेलेले असतात. ते पुन्हा उगवत नाहीत. मोतीबिंदूची सवय असलेल्या आपल्या माणसांना वाटतं, हाही पिकेल, मग काढू. काचबिंदू काढायचा नसतोच. फक्त थांबवायचा असतो, तोही जिथे सापडला तिथे.

आंध्र आणि तामिळनाडूतल्या मोठ्या पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्या दहांतल्या नऊ किंवा त्याहून जास्त लोकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं. ज्या देशात झालेला रोग सापडत नाही, तिथे "होईल तेव्हा पकडू" या भरवशावर माणसांना सोडणं मला पटत नाही.

आता थांबा म्हणणाऱ्यांचे दोन मुद्दे असे आहेत, ज्यांना मी मान देतो. पहिला युरोपातल्या अभ्यासाचा. तिथे डॉर्झोलामाइडचे थेंब आणि औषध नसलेले थेंब यांची तुलना झाली, २००५ साली निष्कर्ष आले, आणि काचबिंदू होण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. हा पुरावा झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण त्यात औषध नसलेल्या गटाचा दाबही उतरत गेला, शेवटी दोन गटांतलं अंतर फार थोडं उरलं, आणि बरेच लोक मध्येच गळाले. दाबात अंतरच न पडल्यावर परिणामात अंतर कुठून पडणार? थेंब लिहून दिले म्हणजे काम झालं असं मानणाऱ्या डॉक्टरांना यातून शिकण्यासारखं आहे: दाब खरोखर उतरला का, हे पाहिल्याशिवाय उपचार झाला असं म्हणू नये.

दुसरा मुद्दा जास्त जड आहे. तपासणीला न येणारा माणूस थेंब तरी रोज घालील का? टिमोलॉल स्वस्त आहे, पण दम्याच्या आणि मंद नाडीच्या माणसाला ते घातक ठरू शकतं. आपल्याकडे दम्याची माणसं घरोघर आहेत, आणि डोळ्याच्या औषधाने छातीला त्रास होईल हे कुणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून डॉक्टरने विचारलंच पाहिजे. लॅटॅनोप्रोस्ट रात्री एकदाच घालायचं, पण त्याच्या बऱ्याच बाटल्या उघडण्याआधी फ्रीजमध्ये ठेवाव्या लागतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मालवण किनाऱ्यावर वीज दिवसचे दिवस नव्हती. फ्रीज काय करणार होता? आणि एकट्या राहणाऱ्या, हात थरथरणाऱ्या म्हातारीचा थेंब गालावरच ओघळतो. हे सगळं खरं आहे. मी यातलं काहीही नाकारत नाही.

पण यावरून "मग काहीच करू नका" असं निघत नाही. लेसर आहे. पाण्याच्या निचऱ्याच्या जाळीवर लेसरचे सौम्य ठिपके मारले की निचरा सुधारतो. काही मिनिटांचं काम, टाके नाहीत, भरती व्हावं लागत नाही. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाब वाढलेले आणि काचबिंदूची सुरुवात असलेले ७१८ लोक होते. ज्यांना आधी लेसर दिला त्यांच्यापैकी जवळपास तीन चतुर्थांश जणांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबाशिवाय ताब्यात होता. ब्रिटनचा दाखला पुरेसा वाटत नसेल तर टांझानियाचा घ्या. किलिमांजारोच्या परिसरात, जिथली माणसं आपल्यासारखीच लांबून येतात आणि औषधं जिथे मध्येच संपतात, तिथे काचबिंदूच्या रुग्णांत टिमोलॉल आणि लेसर यांची तुलना झाली. एका वर्षाने लेसर केलेल्या डोळ्यांत यश ६१ टक्के, थेंब घातलेल्या डोळ्यांत ३१ टक्के. ते रुग्ण रोग झालेले होते, नुसता दाब वाढलेले नव्हते, हे मला माहीत आहे. पण थेंब पोहोचत नाहीत तिथे लेसर पोहोचतो, हे त्यातून दिसतं. लेसरचा परिणामही काही वर्षांनी ओसरतो आणि तो पुन्हा करावा लागू शकतो. तरीही समुद्रावर महिनोन्‌महिने काढणाऱ्या खलाशाला वर्षातून एकदा बंदीच्या काळात ओरोसला यायला सांगणं शक्य आहे. रोज रात्री नऊ वाजता होडीवर थेंब घालायला सांगणं मला अवघड दिसतं. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे हा लेसर बारमाही, ठरलेल्या दिवशी मिळालाच पाहिजे, ही मागणी मालवणच्या लोकांनी रस्त्याच्या आणि बंदराच्या मागण्यांइतक्याच जोराने का करू नये?

सरकारी मोहिमांचं मोजमाप मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांत होतं. १९७६ पासूनचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम असो की २०१७ ची मोतीबिंदूमुक्त महाराष्ट्राची घोषणा, शिबिरात माणूस बाकावर बसला की टॉर्चने मोतीबिंदू पाहिला जातो, नसेल तर "ठीक आहे" म्हणून परत पाठवला जातो. तो माणूस त्या "ठीक आहे"वर पुढची दहा वर्षं काढतो. शिबिरात आलेल्या चाळिशीवरच्या प्रत्येकाचा दाब मोजायला हातात धरायचं छोटं यंत्र पुरतं. आणि दाब कितीही निघो, नस पाहिल्याशिवाय कुणाला ठीक म्हणू नये.

औषधाच्या दुकानातल्या एका गोष्टीचा मला मनापासून संताप आहे, ती इथे सांगतोच. पावसाळ्यात डोळे येतात; २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तर महाराष्ट्रभर साथ होती. लोक चिठ्ठीशिवाय थेंब घेतात, त्यात बऱ्याचदा डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं, डोळा दोन दिवसांत पांढरा होतो आणि ती बाटली घराची कायमची औषधी होऊन बसते. खाज सुटली, घाला. धूळ गेली, घाला. साधारण तीन माणसांतल्या एकाचा दाब अशा थेंबांनी काही आठवड्यांत वाढतो, काहींचा फारच वाढतो, आणि दुखत काहीच नाही. "औषधांचा अतिरेक नको" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तुमचा आवाज इथे का नाही चढत? दाब उतरवणाऱ्या थेंबावर शंका घेणारा मुलगा आईच्या खोक्यातली ही बाटली का पाहत नाही?

उपचार सरसकट सगळ्यांवर करावेत असं मी म्हणत नाही. त्या अमेरिकी अभ्यासाचा पुढचा भाग २०१० साली आला, तेव्हा तेरा वर्षांच्या हिशेबात सर्वांत कमी धोक्याच्या गटात लवकर थेंब घेणारे आणि उशिरा घेणारे यांत फरक नगण्य होता: ७ आणि ८ टक्के. सर्वांत जास्त धोक्याच्या गटात मात्र २८ आणि ४० टक्के. म्हणजे जाड कॉर्नियाच्या, दाब जेमतेम २३ असलेल्या, नस भरदार असलेल्या पंचेचाळिशीतल्या माणसाच्या डोळ्यात औषध ओतायचं कारण नाही. मी बोलतोय ते साठीच्या पुढच्या, २६-२८ दाबाच्या, पातळ कॉर्नियाच्या, ज्यांच्या भावाची किंवा बहिणीची नजर काचबिंदूने गेली अशा माणसांबद्दल. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत रुग्णांच्या सख्ख्या नात्यातल्या माणसांना आयुष्यभरात काचबिंदू होण्याची शक्यता २२ टक्के निघाली, इतरांना २.३ टक्के. घरात एकाला काचबिंदू निघाला तर मुंबईतल्या भावंडांनीही तपासून घ्यावं, त्यांना तर यंत्र दाराशी आहे.

म्हणून "लक्ष ठेवू" असं लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने त्याच कागदावर कॉर्नियाची जाडी, पुढच्या फील्ड टेस्टची तारीख आणि ठिकाण, आणि रुग्ण त्या तारखेला आला नाही तर त्याला फोन कोण करणार त्याचं नाव, एवढं लिहावं. आशाताईचं लिहा, मुलाचं लिहा, शेजाऱ्याचं लिहा. हे लिहिता येत असेल तर थांबा, माझी काही हरकत नाही. लिहिता येत नसेल आणि धोका वरचा असेल, तर त्या माणसाला कागद देऊन घरी पाठवू नका. त्याच दिवशी थेंब सुरू करा किंवा लेसरची तारीख हातात द्या.